आत्मविकास आणि चौथी सीट

पालेगावात पहाटे पाचला उठायला पुस्तक लागत नाही, पाणी पुरतं. आमच्या सोसायटीत ते पाच ते साडेसहा सोडतात, आणि हे साडेसहा वॉचमनच्या मनातले असल्यामुळे कधी कधी सव्वासहालाच वाजतात. त्यामुळे 2018 साली रॉबिन शर्मांचं 'द फाइव्ह एएम क्लब' आलं आणि पहाटे पाचला उठणारा माणूस जग जिंकतो ही बातमी अंबरनाथ पूर्वेतल्या आमच्या पालेगावापर्यंत पोचली, तेव्हा आमच्या विंगेतल्या बायका जरा चक्रावल्या. त्या या क्लबाच्या आजीव सभासद होत्या. जग सोडाच, एक रविवारची सकाळसुद्धा त्यांना आजवर जिंकता आली नव्हती.

पुस्तकात त्या पहाटेच्या तासाचे तीन भाग केले आहेत. वीस मिनिटं घाम निघेल असा व्यायाम, वीस मिनिटं चिंतन, वीस मिनिटं अभ्यास. पालेगावातही हेच चालतं. पहिल्या वीस मिनिटांत पिंप, बादल्या, कळशी आणि सणासुदीचं मोठं पातेलं भरायचं. घाम निघतो. पुढची वीस मिनिटं पोळ्या लाटता लाटता चिंतन: गॅसचा नंबर लावला का, व्हॅनवाल्याचे पैसे दिले का, कामवाल्या मावशी आज येणार की पुन्हा कोणाचं बारसं निघणार. शेवटची वीस मिनिटं एम-इंडिकेटर उघडून गाडी किती लेट आहे याचा अभ्यास.

माझ्या नवऱ्याने ते पुस्तक वाचलं आणि तोही पाचला उठू लागला. उठून बाल्कनीत मांडी घालायची आणि डोळे मिटायचे. मी बादली घेऊन समोरून गेले की एक डोळा किंचित उघडून म्हणायचा, "हळू गं. मी आत्ता स्वतःशी जोडला जातोय." स्वतःला चहा साखरेचा द्यायचा की बिनसाखरेचा, एवढंच मी विचारायची. त्या पुस्तकात एक अब्जाधीश आहे. तो एका चित्रकाराला आणि एका उद्योजिकेला मॉरिशसला नेऊन पहाटेचं महत्त्व समजावतो. समुद्र आहे, सूर्योदय आहे, सुविचारांचा पाऊस आहे. तिघांचा डबा कोण करतं, ते मात्र अथपासून इतिपर्यंत कुठे सापडलं नाही.

ही पुस्तकं आमच्या भागात एवढी का वाचली जातात, याचं उत्तर रेल्वेच्या टाइमटेबलात आहे. अंबरनाथपासून सीएसएमटी 60 किलोमीटर. फास्ट गाडी मिळाली तरी सव्वा तास जातोच. त्याआधी पालेगावातून स्टेशनपर्यंत शेअर रिक्षा. बिल्डरच्या जाहिरातीत स्टेशन दहा मिनिटांवर असतं; ही दहा मिनिटं रिक्षात ड्रायव्हरच्या शेजारी चौथा माणूस तिरका बसल्यावर सुरू होतात. म्हणजे आयुष्य बदलायला रोज येऊन-जाऊन अडीच तास हाताशी आहेत. फक्त तो हात वरच्या कडीला असतो.

पूर्वी डब्यात जपाची पोथी, संध्याकाळचा पेपर नाहीतर 'रॅपिडेक्स इंग्लिश स्पीकिंग कोर्स' दिसायचा. आता एका हातात फोन आणि फोनमध्ये कुठल्यातरी जाड पुस्तकाचं पंधरा मिनिटांतलं सार. छापील प्रत असलीच तर बहुधा फुटपाथवरची, जिचा कागद इतका पातळ की मागच्या पानावरचा उपदेशही पुढून वाचता येतो. लेडीज डब्यात एकीच्या मांडीवर मेथीची जुडी, दुसरीच्या मांडीवर 'यश तुमच्या हातात'. मेथी घाटकोपरपर्यंत निवडून होते. यशाचं काही सांगता येत नाही.

डेल कार्नेगी हे या पंथातले थोरले बुवा. 'हाऊ टू विन फ्रेंड्स अँड इन्फ्लुएन्स पीपल' 1936 साली आलं आणि आजही स्टॉलवर हटकून असतं. त्यांचं सांगणं साधं: हसा, दुसऱ्यात मनापासून रस घ्या, टीका करू नका, आणि समोरच्याचं नाव लक्षात ठेवा, कारण माणसाला स्वतःच्या नावाइतकं गोड काही लागत नाही. (स्वतः कार्नेगींनी आपल्या आडनावाचं मूळ स्पेलिंग बदलून पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगींसारखं करून घेतलं होतं. गोडीतही कमी-जास्त असते.)

त्यातला हसण्याचा सल्ला मध्य रेल्वेवर जपून वापरावा. गर्दीच्या गाडीत अनोळखी बाई आपल्याकडे बघून गोड हसली, तर त्याचा अर्थ एकच: "कुठे उतरणार?" आणि मनापासून रस घेण्याचं म्हणाल, तर उभ्या प्रवाशाला बसलेल्या प्रवाशाच्या आयुष्यात जितका रस असतो तितका कार्नेगींनाही कोणात वाटला नसेल. तुमचं ऑफिस कुठे, दादरला उतरून पूर्वेला जाता की पश्चिमेला, आज हाफ डे तर नाही ना, सगळं अगदी आपुलकीने विचारलं जातं. तुम्ही "व्हीटी", म्हणजे शेवटचं सीएसएमटी, म्हणालात की त्या क्षणी मैत्री संपते.

नवऱ्याने कार्नेगी वापरले ते सोसायटीच्या वार्षिक सभेत. विषय होता टँकरचा वाढलेला खर्च. इतर वर्षी या विषयावर तो पहिल्या पाच मिनिटांत उभा राहून "हिशेब दाखवा" म्हणतो, खजिनदार "फाइल घरी राहिली" म्हणतात, मग चहा येतो. यंदा त्याने ठरवलं, टीका नाही. सुरुवात प्रामाणिक कौतुकाने. तो उठला, खजिनदारांकडे बघून हसला, त्यांचं नाव तीनदा घेतलं आणि म्हणाला, "तुम्ही सोसायटीसाठी जे करता ते आम्हा कोणाला जमलं नसतं." सभेत एकदम शांतता. बी विंगेतले काका चष्मा काढून त्याच्याकडे बघू लागले. मागून कोणीतरी कुजबुजलं, "यालाही मिळायला लागलं वाटतं." खजिनदार तर घाबरलेच, त्यांना वाटलं याच्या हातात काहीतरी कागद लागलाय. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतःहून फाइल घेऊन आमच्या दारात उभे. म्हणजे पुस्तक खोटं नाही. ते चालतं, पण लेखकाने सांगितलेल्या कारणाने चालेल असं नाही.

सगळ्यात जास्त नासधूस केली ती 'रिच डॅड पुअर डॅड'ने. मलंगगडाच्या बाजूला तोंड करून उभं असलेलं हे पालेगाव आता अर्धंअधिक गृहकर्जावर उभं आहे. मुंबईत घर परवडत नाही म्हणून डोंबिवली, डोंबिवलीत परवडत नाही म्हणून अंबरनाथ, आणि अंबरनाथ स्टेशनजवळ परवडत नाही म्हणून इथे, अशी माणसं टप्प्याटप्प्याने घरंगळत आली आहेत. ब्रोशरमध्ये प्रत्येक बाल्कनीतून डोंगर दिसत होता. आता समोरच्या टॉवरमधल्या लोकांचे कपडे दिसतात. तरी घर आपलं आहे, या एका वाक्यावर सगळं सहन होतं. आणि नेमकं तेच वाक्य रॉबर्ट कियोसाकींनी 1997 साली खोडून ठेवलं आहे. खिशात पैसे टाकते ती मालमत्ता, खिशातून काढतं ते देणं. सबब तुम्ही राहता ते घर म्हणजे देणं.

माझ्या धाकट्या दिराला हे पुस्तक मित्रांनी भेट दिलं, तेही वास्तुशांतीच्या दिवशी. सत्यनारायणाचा प्रसाद अजून संपला नव्हता. त्याने रात्रीत वाचून काढलं आणि पुढचे आठ दिवस नव्या भिंतींकडे असा बघत होता की जणू त्यांनी त्याचं पाकीट मारलंय. आठव्या दिवशी जेवताना म्हणाला, "आई, हे घर मालमत्ता नाही. देणं आहे." सासूबाईंनी आमटी वाढता वाढता सांगितलं, "असू दे देणं. भाड्याच्या खोलीत दर अकरा महिन्यांनी मालक दारात यायचा, तो आता येत नाही ना? मग देणं तर देणं." पुढे त्याला कुठूनतरी कळलं की 2012 साली कियोसाकींच्याच एका कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला होता. तेही त्याने आईला सांगितलं. त्या म्हणाल्या, "अरे रे. घर तरी वाचलं का त्यांचं?"

जेम्स क्लिअर यांचं 'अटॉमिक हॅबिट्स' त्या मानाने सोज्वळ. रोज एक टक्का सुधारा, वर्षाअखेर तुम्ही 37 पट सुधाराल. हिशेब बरोबर आहे, मी कॅल्क्युलेटरवर करून पाहिला. 37 पट सुधारलेला माणूस वन बीएचकेत मावायचा कसा, तेवढं राहिलं. शिवाय टक्क्यांच्या गोष्टी पालेगावला शिकवाव्या लागत नाहीत. 20 लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, 20 वर्षं: हप्ता येतो सुमारे 17,350 रुपये. पहिल्या हप्त्यातले 14,167 रुपये व्याजात जातात. उरलेल्या तीनेक हजारांनी मुद्दल कमी होतं, ते टक्क्यांत काढलं तर 0.16. एवढ्या सूक्ष्म सुधारणेवर आम्ही दर महिन्याला न चुकता विश्वास ठेवतो. आम्हाला अणू-सवयींचं कौतुक काय सांगता!

स्टीफन कव्ही यांनी 1989 साली परिणामकारक माणसांच्या सात सवयी सांगितल्या. दुसऱ्या सवयीत ते तुम्हाला डोळे मिटून स्वतःच्या अंत्यविधीला हजर राहायला लावतात. तिथे लोकांनी तुमच्याबद्दल काय बोलावं असं तुम्हाला वाटतं, ते ठरवा आणि आजपासून तसं जगा. मी हे प्रामाणिकपणे करून पाहिलं. मला सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप दिसला. भावपूर्ण श्रद्धांजली, हात जोडलेले पंधरा-वीस, एक चुकून पाठवलेला केकचा फोटो, आणि लगेच खाली सी विंगमधून प्रश्न: "टँकर आला का?" प्रत्यक्ष स्मशानात कोणी बोललंच तर सेक्रेटरी बोलतील, आणि ते म्हणतील, "मेंटेनन्स कधी थकवला नाही." आमच्याकडे याहून मोठं प्रशस्तिपत्र नाही. त्या दिवसापासून मी मेंटेनन्स पाच तारखेच्या आत भरते. कव्ही उपयोगी पडले.

त्यांची पहिली सवय पुढाकार घेण्याची. तीही इथे घरोघर आहे. बदलापूरहून सुटणाऱ्या गाडीत अंबरनाथला जागा मिळत नाही, म्हणून आमची माणसं उलट्या दिशेने बदलापूरला जातात आणि तीच गाडी बसून परत आणतात. याला रिटर्न म्हणतात. या पुढाकाराबद्दल बदलापूरकरांचं जे मत आहे ते छापण्याजोगं नाही.

दोघांचाही फायदा होईल असं बघा, ही कव्हींची चौथी सवय. ती बघायची असेल तर सकाळच्या लेडीज डब्यात या. बाक तिघींचा असतो. चौथी येते, "जरा सरका" म्हणते. तिघी कपाळाला आठ्या घालतात, एकमेकींकडे बघतात, आणि सरकतात. चौथी अर्धी बाकावर, अर्धी हवेत बसते आणि पाऊण तास त्याच अवस्थेत सुखाने झोपते. ग्रुप असेल तर ठाणे आलं की बसलेल्या उठतात आणि उभ्या बसतात. कोणी कोणाला आठवण करून देत नाही. या बायकांनी माझ्यासमोर एकीकडून बँकेच्या खात्यांतर्गत परीक्षेची तयारी करून घेतली आहे, एकीच्या मुलीला अकरावीचा ऑनलाइन फॉर्म भरून दिला आहे, आणि एकीला नवऱ्याशी कसं बोलायचं ते दिव्यापासून मुलुंडपर्यंत सविस्तर समजावलं आहे. हे शेवटचं ज्ञान कार्नेगींकडे नाही, शपथेवर सांगते.

गंमत म्हणजे या सगळ्या पुस्तकांचा मूळपुरुषही अशाच एकमेकांच्या मदतीतून निघाला. सॅम्युएल स्माइल्स यांचं 'सेल्फ-हेल्प' 1859 साली आलं, डार्विनचा उत्क्रांतीवरचा ग्रंथ आला त्याच वर्षी, आणि पहिल्याच वर्षात त्याच्या 20,000 प्रती गेल्या. पण ते पुस्तक जन्मलं कुठे? इंग्लंडमधल्या लीड्स या कारखान्यांच्या शहरात काही तरुण कामगार रात्री जमून एकमेकांना लिहायला, वाचायला, हिशेब करायला शिकवत होते. ज्याला जे येतं ते त्याने दुसऱ्याला सांगायचं. माणसं वाढली तशी जागा पुरेना, म्हणून पूर्वी कॉलऱ्याचे रुग्ण ठेवायची एक खोली त्यांनी घेतली. त्यांनी स्माइल्सना चार शब्द बोलायला बोलावलं, आणि त्या भाषणांतून पुढे पुस्तक झालं. म्हणजे कामगार एकमेकांना सरकून जागा देत होते आणि पुस्तकाच्या कव्हरवर आलं 'स्वतःची मदत स्वतः करा'. स्माइल्स सज्जन होते. 1866 च्या आवृत्तीत त्यांनी लिहूनच टाकलं की हे नाव जरा दुर्दैवी ठरलं, नुसतं नाव वाचून लोकांना हा स्वार्थाचा गौरव वाटतो. पण तोवर नाव बाजारात गेलं होतं. आज कोणी 'इतरांनी जरा सरकावं' या नावाचं पुस्तक काढलं तर ते विमानतळावर खपणार नाही. कल्याणला खपेल.

आपल्याकडे या विषयात दुष्काळ होता असंही नाही. वामनराव पै यांनी 1955 साली जीवनविद्या मिशन सुरू केलं. त्याचं ज्ञानपीठ आमच्याच लाईनवर, कर्जतला आहे. आणि त्याच्या तीनेकशे वर्षं आधी समर्थ रामदासांनी 20 दशकांचा, 200 समासांचा दासबोध सांगून ठेवला. सासूबाई तो रोज वाचतात. मी मध्यंतरी दुसरा दशक चाळला आणि माझ्या लक्षात आलं की समर्थांचा दासबोध विमानतळावर का नसतो. परदेशी लेखक पहिल्या पानावर वाचकाला सांगतो, तुमच्यात अफाट शक्ती आहे, ती फक्त झोपलेली आहे. समर्थ दुसऱ्या दशकाची सुरुवातच मूर्खाच्या लक्षणांनी करतात. एकामागून एक लक्षणं येत राहतात, आणि दर थोड्या वेळाने आपण आरशासमोर आल्यासारखं दचकायचं. ती संपली, सुटलो म्हणेपर्यंत त्याच दशकाच्या शेवटच्या, दहाव्या समासात पढतमूर्ख येतो: ज्याने भरपूर वाचलंय, जो दुसऱ्याला उत्तम सांगतो आणि स्वतः मात्र त्यातलं काही करत नाही. मी तो समास नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. तो म्हणाला, "सुंदर. हे मी ग्रुपवर टाकतो."

आमच्या सोसायटीत एक क्लब हाऊस आहे. जाहिरातीत क्लब हाऊस, प्रत्यक्षात कॅरमची खोली. तिथे एक काचेचं कपाट ठेवलंय. भाडेकरू खोली सोडताना नको झालेली पुस्तकं त्यात ठेवून जातात. मी एका दुपारी त्यातली बरीचशी उघडून पाहिली. पाककृतींचं एक आणि बारावीच्या रसायनशास्त्राचं एक सोडलं, तर जवळपास सगळी आयुष्य बदलणारी. आणि सगळ्यांची कहाणी एकच. पहिल्या प्रकरणात पेन्सिलच्या रेघाच रेघा, काही ओळींना दुहेरी, समासात "एकदम खरं!!" पंधराव्या पानानंतर रेघा विरळ. पंचविसाव्या पानाला एखादी, तीही वाकडी, बहुधा गाडीने ब्रेक मारल्यामुळे. तिसाव्या-चाळिसाव्या पानात खूण म्हणून घातलेलं काहीतरी: मेडिकलचं बिल, पासाची जुनी पावती, लग्नपत्रिकेचा गणपती, एका ठिकाणी चक्क लाइटबिल, न भरलेलं. त्यापुढची पानं कोरी करकरीत. 'द सीक्रेट'ची प्रत तर अशी नवी की रहस्य अजून कोणाला कळलेलं नाही.

माझं मत विचाराल तर यात लाज वाटण्यासारखं काही नाही. त्या पहिल्या तीस पानांपुरता माणूस खरोखर बरा होतो. आवाज चढवत नाही, बाल्कनीतली रोपं जगवतो, बायकोला "तू बस, मी भरतो पाणी" म्हणतो. फुटपाथवरच्या किमतीत आठवडाभर एवढं मिळत असेल तर ते महाग नाही. फक्त दर महिन्याला नवीन पुस्तक लागतं, आणि लेखकांना ते ठाऊक आहे; म्हणून ते दर वर्षी नवीन लिहितात.

तर पालेगावातल्या आणि आसपासच्या मंडळींना विनंती. कपाटाला कुलूप नाही. आयुष्य बदलणारी पुस्तकं कोणीही न्यावीत, वहीत नोंद करायची नाही, परत आणायची सक्ती नाही. मात्र गेल्या महिन्यात कोणीतरी चुकून तिथून दासबोधाची लाल कापडी बांधणीची प्रत नेली आहे. ती कपाटातली नव्हती, सासूबाई कॅरमच्या टेबलावर विसरल्या होत्या. ज्यांनी नेली त्यांनी दुसरा दशक वाचून झाला की आणून द्यावी. नाव विचारलं जाणार नाही.